न हललेला षड्ज

चोळपुरमच्या त्या माणसाला मी पाहिलंही नव्हतं, तरी तो मला नको होता. पहिली बायको गेलेली, दोन लेकरं, शेतीवाडी, आणि अट एकच: घरात फिडील चालायचं नाही. व्हायोलिनला आमच्याकडे सगळे फिडीलच म्हणतात. स्थळ घेऊन आलेली मावशी हे एका दमात सांगून गेली आणि वर म्हणाली, "एवढीच तर अट आहे गो, दुसरं काही मागत नाहीत ती माणसं." एवढीच! माझे दोन्ही हात काढून ठेवा म्हणाले असते तरी मावशी असंच बोलली असती.

मला अठरा पुरी झाली होती. अम्माचं म्हणणं, होकार कळवून मोकळं व्हावं. अडून बसले होते ते अप्पा, माझे वडील. दोन वर्षं ते माझ्या लग्नावरून रोज अम्माशी भांडत होते. जेवताना भांडायचे, कापी पिताना भांडायचे, देवळातून येताना रस्त्यानं भांडत यायचे. "तिच्या हाताचं आधी काय ते होऊ दे," एवढंच त्यांचं पालुपद. माझ्या हातात फिडील त्यांनीच दिलं होतं, मी पाच वर्षांची असताना.

आमची मराठी तंजावरची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचं बोलणं ऐकून पुण्याकडची माणसं तोंडावर पदर धरून हसतात. हसू देत बापडी. ते बोलणं मी इथे जरा सरळ करून लिहिते आहे, कारण माझी सून म्हणते, तसंच्या तसं लिहिलंत तर कुणाला अक्षर कळायचं नाही.

तर माझ्या हाताचं काय होणार होतं, ते सांगते. गावात मिशनची मुलींची शाळा होती. तिथे गोऱ्या बाई संगीत शिकवायच्या, त्यांना आम्ही दुरैसानी म्हणत असू. इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली तरी त्या राहिल्या होत्या. मी त्या शाळेत शिकले, आणि शाळा संपल्यावरही दर शनिवारी त्यांच्याकडे जात राहिले. आता त्या मायदेशी परत जायच्या होत्या. त्यांची जागा मला मिळावी असं त्यांनी शाळेत सांगून ठेवलं होतं, आणि थोरल्या सिस्टरनंही मान डोलावली होती. फक्त लंडनची परीक्षा पास झाल्याचा कागद हवा. परीक्षक वर्षातून एकदाच तिरुचिरापल्लीला यायचा. यंदा पास झाले तर जूनपासून मी शाळेची बाई, हातात फिडील, आणि चोळपुरमला रामराम. नापास झाले तर जागा माझी वाट पाहत बसणार नव्हती. मद्रासची कुणी तरी येणार हे ठरलेलं होतं.

परीक्षेला जे वाजवायचं ते सगळं दोनशे वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नातलं. अप्पांना आधी ते संगीतच वाटेना. दुरैसानी मला उभं राहून, फिडील हनुवटीखाली धरून वाजवायला लावायच्या. अप्पा म्हणायचे, "उभ्यानं काय वाजवतात? बस आधी." मग शाळेत मी उभी आणि घरी मांडी घालून, फिडिलाचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून. तरी अप्पा ऐकायचे. सकाळी मी तो रियाज करायला बसले की तंबोरा घेऊन शेजारी यायचे, आणि प्रत्येक प्रकार आपल्या खुंटीवर टांगून बघायचे. एक चाल घेऊन तिचीच आठ रूपं वाजवायची असा एक प्रकार होता. अप्पा खूष. "या तर संगती! आपल्या कीर्तनात काय वेगळं असतं? एकच ओळ, दर वेळी थोडी फुलवायची." मिन्युएट म्हणून तीन मात्रांचा नाच होता, त्यावर त्यांनी मांडीवर ताल धरला आणि अम्माला हाक मारली, "ऐक, ऐक, गोरे लोक तिस्र नडैत नाचतात!" राँडो म्हणून एक प्रकार, त्यात पहिली चाल फिरून फिरून परत येते. "पल्लवी," अप्पा म्हणाले, "ही पल्लवी. बाकीचं अनुपल्लवी नि चरण. यांनी आपलंच उचललंय."

"अप्पा, त्यांनी कुठून उचलावं?"

"तंजावरच्या दरबारातून. तिथे बँड होता की. आपल्याच घरातला कुणी तरी त्यात वाजवायचा. त्याला विचारलं असेल त्यांनी."

मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

शेवटचा राहिला तो सोनाटा. परीक्षेत सगळ्यात जास्त वजन त्यालाच. दुरैसानींनी तो मला एकाच शनिवारी समजावून दिला. पियानोपाशी बसून म्हणाल्या, "यात दोन चाली आहेत. पहिली आपल्या घरात राहते. दुसरी आधी शेजारच्या घरात वाजते, पंचमाच्या घरात. मग मधे खूप भटकंती होते. आणि शेवटी दोन्ही चाली परत येतात, तेव्हा दुसरीसुद्धा आपल्याच घरी असते. ते घरी येणं ऐकू यायला हवं, तर आधी ती बाहेर जायलाच हवी." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला अर्धवटच कळलं होतं. पुढच्या शनिवारी विचारीन म्हटलं. पुढच्या शनिवारी दुरैसानींना विषमज्वर झालेला, त्यांना तंजावरच्या इस्पितळात हलवलं होतं. हातात उरलं ते फिडिलाच्या भागाचं एक सुटं छापील पान. पियानोचं पुस्तक शाळेच्या कपाटात कुलूपबंद.

ते पान मी घरी वाचून वाजवायला लागले. पाच दिवस अप्पांची नुसती भुवई वर. सहाव्या दिवशी त्यांनी तंबोरा खाली ठेवला.

"हे पुन्हा वाजव. इथून."

मी वाजवलं.

"पहिली चाल कुठला राग?"

"शंकराभरण." तुमच्याकडचा बिलावल म्हणा.

"आणि ही दुसरी आली तिथे?"

मी पानाकडे बघितलं. तिथे मध्यम तीव्र होत होता. तंबोऱ्यावर ऐकलं तर सरळसरळ कल्याणी, म्हणजे तुमचा यमन.

"न सांगता, न विचारता, मधेच कल्याणी? आणि थांबायचं कुठे, न्यास कुठे, तर पंचमावर. षड्ज हलवलाय यांनी! अय्यो, षड्ज कधी हलतो का?"

दुरैसानींचं ते घराचं आणि शेजारच्या घराचं मी त्यांना सांगितलं. अप्पा हसले, तेही माया करून. मग त्यांनी मला पानाचा शेवट वाजवायला लावला. तिथे तीच दुसरी चाल नीट घरच्या षड्जावर, शुद्ध मध्यमात होती. अप्पांनी मांडीवर थाप मारली. "सापडलं! बघ, हे बरोबर छापलंय. वरचं चुकलंय. छापणाऱ्यानं घोटाळा केला आणि खाली येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं. तू खालचंच वरती वाजव."

आता मी स्वतःलाच म्हणते, पोरी, तू तोंड का उघडलं नाहीस? दोनशे वर्षं लोक वाजवताहेत, त्यात छापणाऱ्याची चूक कुणाच्या लक्षात आली नसती का? पण आमच्या घरात श्रुतीच्या, म्हणजे आधारसुराच्या बाबतीत अप्पांच्या वर कुणी नव्हतं. मोठमोठ्या गवयांना त्यांनी कार्यक्रमाच्या मधे थांबवून तंबोरा लावायला लावला होता. आणि दुसरंही कारण होतं, ते कबूल करते: खालचं वरती वाजवलं की मला तेच गोड लागत होतं. माझा कानही त्यांनीच घडवलेला. मला शंका होती आणि मी ती गिळली.

अप्पांनी वहीत सगळं सरिगमात उतरवून दिलं, दुरुस्त करून. छापलेलं पान परत शाळेत पाठवून दिलं. "कागद बघून वाजवणारा वाजवत नाही, वाचतो," असं त्यांचं मत. चाळीस दिवस मी ते घोटलं. बोटांना दुसरं काही ठाऊकच राहू नये इतकं घोटलं. मधल्या काळात मावशी दोनदा येऊन गेली. चोळपुरमची माणसं तिरुनागेश्वरमला अभिषेकाला आली होती, मुलगी दाखवाल का म्हणून विचारत होती. अप्पा म्हणाले, "परीक्षेनंतर." अम्मा म्हणाली, "परीक्षेनंतर पास झाली तर नको म्हणाल, नापास झाली तर?" अप्पा म्हणाले, "नापास होईल कशी?"

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं पहिल्या गाडीनं तिरुचिरापल्लीला गेलो. मी नऊवारी नेसले होते, केसांत अम्मानं माळलेला मल्लिकेचा गजरा. परीक्षा एका शाळेच्या सभागृहात. बाहेर रुंद व्हरांडा, त्यावर उघडणारी मोठी खिडकी. पियानोवर साथीला दुरैसानी असायच्या होत्या. त्यांच्या जागी तिथल्याच एक अँग्लो-इंडियन बाई बसल्या होत्या, चष्मा लावलेल्या, गोड चेहऱ्याच्या. आमची तोंडओळखसुद्धा नव्हती. परीक्षक टेबलामागे. अप्पांना आत सोडलं नाही. ते व्हरांड्यात जाऊन खिडकीशी उभे राहिले, मला दिसतील असे.

संगती झाल्या. मिन्युएट झाला, राँडो झाला. परीक्षक एकदा हसलासुद्धा. माझ्या जिवात जीव आला. मग सोनाटा. पहिली चाल मी अशी वाजवली की आजही आठवली की माझी मलाच दृष्ट लागेल. मग दुसरी चाल सुरू केली, आणि पियानो निघून गेला.

दुसरा शब्द माझ्यापाशी नाही. मी घरी, आणि पियानो शेजारच्या घरात. माझा शुद्ध मध्यम, त्यांचा तीव्र. माझा षड्ज, त्यांचा पंचम. दोन्ही एकमेकांवर असे घासले की माझ्या दातांत कळ गेली. त्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परीक्षकानं पेन्सिल उचलली. आणि दुसऱ्याच मात्रेला मला कळलं. सगळं कळलं. दुरैसानींनी सांगितलेलं ते बाहेर जाणं, ते घरी येणं. चूक छापणाऱ्याची नव्हती. पियानो बरोबर होता आणि मी चुकत होते, आणि बोटं थांबत नव्हती.

कशीबशी ती चाल संपली. आता पुढची भटकंती सुरू व्हायची. पण त्या पियानोवाल्या बाई पुढे गेल्याच नाहीत. या सोनाट्यात पहिला भाग दोनदा वाजवायची मुभा असते. परीक्षेत सहसा कुणी वाजवत नाही. त्यांनी परीक्षकाकडे न बघता सरळ पुन्हा सुरुवात केली, पहिल्या चालीपासून. माझ्यासाठी केली. परीक्षकानं पेन्सिल खाली ठेवली. मला दुसरी संधी मिळाली होती, आणि जन्मात अशी दया माझ्यावर कुणी केली नव्हती.

पहिली चाल वाजत होती आणि माझ्याजवळ वेळ होता. छापलेलं पान मी पाच दिवस वाजवलं होतं; ते कुठे तरी बोटांत होतं, मी शोधलं असतं तर सापडलं असतं. दुसऱ्या चालीच्या आधी त्या बाईंनी चष्म्यावरून मला खूण केली, इकडे, इकडे ये. मी हात सरकवणार होते. देवाशप्पथ सरकवणार होते. तेवढ्यात खिडकीकडे नजर गेली. अप्पांनी एक बोट वर धरलं होतं, छातीपाशी, स्थिर. लहानपणी मी श्रुती सोडायला लागले की ते असंच बोट धरायचे. चेहऱ्यावर अशी काकुळती की मी कुठे बुडते आहे आणि ते काठावर उभे आहेत. नको गो, हलू नको.

मी हलले नाही.

पुन्हा तेच घासणं, आणि या वेळी ती चूक नव्हती. मी जाणूनबुजून वाजवत होते. डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीखालच्या लाकडावर पडत होतं. पियानोवाल्या बाईंनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. शेवटी दुसरी चाल घरी परत आली, तेव्हा पियानो आणि मी अगदी नीट जुळलो. परीक्षक तोवर लिहायला लागला होता.

बाहेर आले तर अप्पांचे डोळे भरलेले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, भर व्हरांड्यात, लोकांदेखत. "काय ठाम राहिलीस गो! तो पियानो दोनदा भरकटला, दोनदा! तू जागची हलली नाहीस. आणि शेवटी आला ना झक मारत तुझ्या षड्जावर?" गाडीत त्यांनी समोरच्या अनोळखी माणसाला तमिळमध्ये सगळी हकीकत सांगितली. तंजावर येईपर्यंत सांगत होते. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला ओरडायचं होतं. गाडीतून उडी मारावीशी वाटत होती. पण ते इतके आनंदात होते, मी कुठल्या तोंडानं बोलणार?

सहा आठवड्यांनी लंडनचा कागद आला. नापास. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. अम्मा पदरानं तोंड झाकून आत गेली. अप्पा मात्र चवताळले. "कागद घे. लिही. मी सांगतो, तू इंग्रजीत कर. साहेबांना कळायला हवं की चूक त्यांच्या पियानोवाल्या बाईची, आणि शिक्षा माझ्या मुलीला." मी चौरंगावर कागद ठेवला. ते येरझारा घालत सांगू लागले. आमच्या घराण्यात फिडील किती पिढ्यांपासून आहे ते सांगितलं. मुलीचा कान कसा आहे ते सांगितलं. षड्ज म्हणजे आई, मूल कुठेही खेळलं तरी ती जागची हलत नाही, हे सांगितलं; त्या साहेबांना विचार म्हणाले, तुमच्याकडे आया हलतात का? मी लिहीत होते. चार ओळी लिहिल्या आणि टाक फेकला.

"अप्पा, ते हसतील आपल्याला!"

"कशास हसतील?"

"कारण चूक त्या बाईंची नव्हती. माझीही नव्हती. तुमची होती." एकदा तोंड सुटलं ते सुटलं. "ते पान बरोबर होतं. षड्ज तिथे हलतो, अप्पा. मुद्दाम हलवतात. ते सगळं संगीतच त्यावर उभं आहे. बाहेर गेल्याशिवाय घरी येता येत नाही, दुरैसानींनी सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही हसलात! तुम्ही माझी जागा घालवलीत, माझं सगळं घालवलंत!"

ते उभे होते तिथेच खाली बसले. मग म्हणाले, "वाजवून दाखव."

मी फिडील घेतलं. पहिली चाल वाजवली. मग दुसरी, पंचमावर, छापली होती तशी. मग शेवटची, घरी आलेली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. तंबोऱ्याला हात लावला नाही. त्यांचा कान तो. एकदा कुठे बघायचं ते कळल्यावर त्यांना किती वेळ लागणार? चाल घरी आली तेव्हा त्यांच्या तोंडून वाहवा निघून गेली, आणि मग तोंड तसंच उघडं राहिलं.

"तुला कधी कळलं?"

"तिथेच. वाजवताना. पहिल्याच खेपेला."

"मग दुसऱ्या खेपेला हलली का नाहीस?"

खोटं बोलता आलं असतं. बोट अडकलं म्हणाले असते, घाबरले म्हणाले असते. पण मी रागानं आंधळी झाले होते.

"तुम्ही खिडकीत उभे होतात म्हणून."

अर्धवट पत्र उचलून त्यांनी घडी घातली आणि आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. अम्मानं दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

मला वाटलं होतं दोन दिवसांनी शांत होतील. पुढचं वर्ष आहे, दुसरी एखादी शाळा बघू म्हणतील, अम्माशी पुन्हा भांडायला लागतील. अम्मालाही तसंच वाटत होतं, ती भांडणाच्या तयारीतच होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी आंघोळ करून गंध लावलं, धुतलेलं धोतर नेसले, आणि अम्माला म्हणाले, "चोळपुरमला जाऊन येतो. होकार देतो." अम्मा बघतच राहिली. म्हणाली, "काल-परवापर्यंत नको म्हणत होतात." ते म्हणाले, "तिच्या बाबतीत नको म्हणायचा हक्क मला राहिला नाही आता."

मी मागच्या दारात होते, मला ऐकू आलं. मनात आलं, धावत जाऊन त्यांचे पाय धरावेत, म्हणावं, अप्पा, मी रागात बोलले, तुम्हीच भांडा माझ्यासाठी, दुसरं कुणी नाही मला. पण माझा स्वभाव असा, मला वाटलं जाऊ दे, भोगू दे त्यांनाही थोडं. ते वेशीपर्यंत गेले असतील तोवर मी दारातच उभी होते.

चैत्रात माझं लग्न झालं. अट पाळली गेली. नवरा वाईट नव्हता, तेवढ्या एका गोष्टीत सोडून. पुढे कितीदा तरी मी हा हिशोब घालत बसले: सोनाट्यात माझी जागा गेली हे खरं, पण जागा गेल्यावरही माझ्या बाजूनं उभा राहणारा एक माणूस त्या घरात होता, आणि त्याला मीच एका वाक्यानं खाली बसवलं.